सड्यावरच्या घारी

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज विमान गेल्यावर अर्धा तास हात थरथरत होते. चंदनदादांनी पाण्याची बाटली दिली, त्यातलं निम्मं मी जीपमध्ये सांडलं. झालं काहीच नव्हतं. विमान आलं, माणसं उतरली, दुसरी चढली, विमान गेलं. तरीसुद्धा.

रावराणे सर बघत होते. म्हणाले, "विनीता, पक्ष्यांचं सगळं तू नोंदवहीत लिहितेस, स्वतःचं कुठे लिहितेस? घरी एक वही घाल." सर फोंडाघाटचे. वीस वर्षं वायुदलात काढून आता सड्यावरच्या, या कातळपठारावरच्या आमच्या छोट्या विमानतळाचे सुरक्षा अधिकारी झाले आहेत. जास्त बोलत नाहीत, म्हणून बोलले की ऐकावंसं वाटतं. ही वही त्यांच्यामुळे.

जूनमध्ये लागले. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले त्याचा इतक्या वर्षांनी उपयोग झाला असं माझा नवरा सिद्धेश म्हणतो. विमान उतरायच्या आणि उडायच्या आधी आम्ही जीपने धावपट्टीवर फेरी मारतो. टिटव्या, बगळे, कधी कोल्हा. चंदनदादा जीप चालवतात, मी फटाक्याच्या बंदुकीने बार काढते. मग वॉकीटॉकीवर टॉवरला सांगायचं, "धावपट्टी मोकळी." एवढंच माझं काम.

या दोन शब्दांची मला भीती वाटते. प्रशिक्षणात एक चित्रफीत दाखवली होती. घार जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅमची, पण विमान त्या वेगात असताना तीच घार इंजिनात गेली की काय होतं, ते. तेव्हापासून जिन्यावरून चढणाऱ्या माणसांकडे मी बघत नाही. आज चुकून बघितलं. एक बाई पायरीवर थांबून चपलेचा पट्टा लावत होती.

सोमवार, ६ ऑक्टोबर

ऊन पडलं आणि मासे सुकवायला सुरुवात झाली. पूर्वी हे सगळं किनाऱ्यावरच्या खळ्यात व्हायचं. तिथे आता पर्यटकांच्या गाड्या लागतात आणि बोटिंगवाल्यांचे तंबू आहेत. म्हणून या वर्षी वाडीतल्या पाच बायका मासे घेऊन वर सड्यावर आल्या. विमानतळाच्या पूर्वेच्या भिंतीबाहेर मोकळा कातळ आहे, वारा चांगला लागतो.

त्या पाचांतली एक माझी सासू.

आज घारी चौदा. नोंदवहीत एक रकाना असतो: कुंपणाबाहेर पक्ष्यांना ओढणारं काही आहे का? पेन धरून बराच वेळ बसले. मग लिहिलं, "काही नाही."

लिहायचं तरी काय? "माझी सासू"?

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अकरा वाजता एकतीस घारी.  दोन दहाला विमान उतरायचं होतं. दीड वाजल्यापासून मी भिंतीकडेच डोळे लावून बसले, आणि पावणेदोन झाले तसं आभाळ हळूहळू रिकामं झालं. दोन वाजता तीन घारी, त्याही दूर. काल आणि परवाही असंच झालं होतं.

देवाची कृपा म्हणायची. नाहीतर घारींना इंजिनाच्या आवाजाची सवय होऊन त्या आपोआप बाजूला होत असतील. असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

घरी आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, रोजचं एकच. सकाळी भाकरी थापताना माझ्याकडे न बघता विचारतात, "आज इमान कितक्याक?"

मी सांगते, दोन दहा. उशीर असेल तर तेही विचारतात. दुपारी फोन करूनसुद्धा. माझ्या नोकरीवर आईंचा पहिल्यापासून राग. सून घरी किती वाजता येणार, याचा हिशेब ठेवायचा असेल.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सिद्धेश निळी जाळी शोधत होता. बोटीवरची जुनी, पडवीत टाकलेली. पर्यटकांच्या बोटीला बाजूने लावायला हवी म्हणे. कुठेच सापडली नाही.

आई म्हणाल्या, "ती माका लागता."

"कित्याक?"

"लागता म्हणान सांगलंय मा?"

त्यांचा घसा पूर्ण बसलाय. दुपारी वर बायकांशी भांडत असणार, त्यांचा स्वभावच तसा. चेहराही उन्हाने काळवंडलाय. इतर बायका दुपारी झाडाखाली जाऊन जेवतात, या तिथेच बसतात. मी म्हटलं, "आई, दुपारच्या वक्ताक सावलेक बसा जरा." तर म्हणाल्या, "तू तुजा काम कर."

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

रावराणे सरांना माझं म्हणणं सांगितलं, घारींना विमानाची वेळ कळायला लागली आहे म्हणून. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"घारीला वेळ कळते, हे मी पस्तीस वर्षांत ऐकलेलं नाही. कारण शोध."

मी हो म्हटलं. पण कारण शोधायचं तर भिंतीपलीकडे जावं लागणार. तिथे गेले की मासे दिसणार, दिसले की लिहावे लागणार. मी गेले नाही. विमान येताना आभाळ रिकामं असतं ना, मग झालं तर.

असं लिहिते खरी, पण दीड वाजला की डोळे भिंतीकडे जातातच.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी झाली आणि पाऊस परत आला. काल रात्रीपासून धो धो. अर्धवट सुकलेले बांगडे घरात आणून पडवीत, माजघरात, माझ्या कपाटाच्या वरसुद्धा पसरले आहेत. डोकं उठलंय.

सकाळी आईंनी तेच विचारलं. आज मला ते सहन झालं नाही.

"तुमका कित्याक होयी रोज इमानाची येळ? इमान काय तुमच्यासाठी थांबतला? मी कितक्याक घरात येतंय ता बगूचा आसा, तर तसा सांगा!"

आई तव्यावरची भाकरी उलटायच्या थांबल्या. भाकरी करपली. मग म्हणाल्या, "बरा. नाय विचारणंय."

मी डबा न घेताच निघाले. 

रविवार, २६ ऑक्टोबर

आजपासून हिवाळी वेळापत्रक. विमान आता सकाळी नऊ वीसला येऊन नऊ पन्नासला परत जाणार. मला बरं, दुपारी लवकर सुटणार. पाऊस चालूच. आज विमान रद्द.

आई बोलत नाहीत. मीही नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

पाऊस. पाच दिवसांत दोनदाच विमान आलं. सड्यावर एकही घार नाही, एकही बाई नाही. जूनपासून इतके शांत दिवस मिळाले नव्हते. संध्याकाळी थोडं उघडलं. आई अंगणात उभ्या राहून आभाळ बघत होत्या.

शनिवार, १ नोव्हेंबर

जमेल तसं लिहिते आहे.

सकाळी लख्ख ऊन. मी साडेसातलाच घराबाहेर पडले, तेव्हा आई ओल्या बांगड्यांच्या पाट्या भरत होत्या. बघितलं आणि गेले.

नऊ वीसला विमान व्यवस्थित उतरलं. तेव्हा घारी सात-आठ. पुढच्या वीस मिनिटांत भिंतीपलीकडे कातळावर मासेच मासे झाले. आठवडाभराचा माल सगळ्या बायकांनी एकदम पसरला होता, हे नंतर कळलं. नऊ चाळीसच्या फेरीत मी मोजल्या, छत्तीस घारी. पाच-सहा ब्राह्मणी घारीही. भिंतीच्या वर गोल गोल फिरत होत्या.

चंदनदादा म्हणाले, "मॅडम, लय हत आज."

मी म्हटलं, "जातले आता. रोज जातत."

खरंच मला तसं वाटलं. रोज जायच्याच ना. मी घड्याळाकडे बघत राहिले. विमानाचे पंखे फिरायला लागले. घारी तिथेच. टॉवरने विचारलं. धावपट्टीवर एकही पक्षी नव्हता, हे खरं होतं. भिंतीबाहेरचं सांगितलं असतं तर पुढे विचारलं असतं, तिथे काय आहे?

मी म्हटलं, "धावपट्टी मोकळी."

माझाच आवाज. अजून कानात आहे.

विमान पूर्वेकडे धावलं, उचललं आणि भिंतीवरून जाताना आवाज आला. ओल्या गोणपाटावर दांडा मारावा तसा, दोनदा. डाव्या पंख्यातून ज्वाळा बाहेर आली, लगेच विझली, मागे काळा धूर. विमान एका बाजूला कललं. चंदनदादा मोठ्याने "रवळनाथा" म्हणाले. मला वाटलं पडलं.

पडलं नाही. खूप खालून, खूप हळू, झाडांच्या शेंड्यांवरून समुद्राकडे वळलं.

अग्निशमनाची गाडी भोंगा वाजवत धावपट्टीच्या कडेला गेली. वॉकीटॉकीवर कोणीतरी म्हणालं, डावं इंजिन बंद केलंय, एकाच इंजिनावर परत येतायत, आत एकसष्ट प्रवासी. चौदा मिनिटं लागली. या चौदा मिनिटांत मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. धावपट्टीच्या टोकाशी एक पंख पडला होता, घारीचा, तो उचलून हातात धरला होता एवढं आठवतं. भिंतीपलीकडच्या कातळाच्या उंचवट्यावर एक बाई दोन्ही हात डोक्यावर धरून उभी होती. बाकीच्या पळत होत्या, ती हलत नव्हती. आकाशात पोर बघतं तसं बघत होती. आईच होत्या. मला त्यांचा संताप आला. तमाशा बघतायत!

विमान आलं. टेकलं. थांबलं.

माझ्या हातात तो पंख अजून तसाच होता.

माणसं खाली उतरली. एकजण हसत होता आणि त्याचं हसणं थांबत नव्हतं. एका म्हाताऱ्या आजोबांनी कोकमाच्या सरबताची बाटली छातीशी घट्ट धरलेली. एक बाई माझ्या पिवळ्या जाकिटाकडे बघून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडे फोन आहे? माझा आत राहिला. घरी सांगायचंय." तिने माझ्या फोनवरून नंबर फिरवला आणि "आई" एवढं म्हणून पुढे काही बोलूच शकली नाही. मी शेजारी उभी. तिच्या खांद्यावर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

कोणालाही लागलेलं नाही. हे मी दहादा लिहू शकते. कोणालाही लागलेलं नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

आईंनी सगळे मासे पाट्यांत भरून कालच परत आणले. निम्मे ओले, वास सुटलाय. त्या काल जेवल्या नाहीत. आजही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. एवढा माल फुकट गेला, त्याचा राग माझ्यावर. मी काय करू?

सिद्धेशला सगळं सांगितलं, नोंदवहीतलंसुद्धा. तो दारात बसला होता, उठून आत आला, दार लावून घेतलं.

"आवशीचा नाव खंयच येता नये. गप रवायचा. तू काय लिवलंस?"

"काय नाय, म्हणान लिवलंय."

"मगे तसाच म्हणायचा."

तोही घाबरलाय. मला वाटत होतं मी एकटीच घाबरते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मुंबईहून दोन अधिकारी आले. त्यांतल्या बाई माझ्याच वयाच्या, नाव संचिता मॅडम. पंख्याची पाती बघितली, पिसं पिशवीत घातली. मग नोंदवही मागितली. एकेक पान, बोट फिरवत.

"कुंपणाबाहेर काही नाही. काही नाही. काही नाही. महिनाभर काहीच नाही?"

"नाही मॅडम."

"तुम्ही राहता कुठे?"

"खाली वाडीवर."

"तिथे मासे सुकवत नाहीत?"

"सुकवतात. किनाऱ्यावर."

त्यांनी लिहून घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तेच जास्त भयंकर. भिंतीवर चढून कोणीही बघितलं तरी कातळावर खवले दिसतील. आज कसं कोणी बघितलं नाही? उद्या बघतील. पोलीस येतील का? आईंना नेतील का? मला नेलं तर जामसंड्याला माझ्या आईला कोण सांगेल?

रावराणे सर दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

फातिमाचाची आली होती. वाडीतल्या बायकांकडून सुकी मासळी घेऊन फोंड्याच्या बाजारात विकते, आणि या वर्षी स्वतःही वर सड्यावर मासे पसरायची. आईंची आणि तिची तीस वर्षांची मैत्री.

"यशोदा खंय?"

"पडली आसत. जेवणत नाय. मासळी गेली म्हणान रागान."

चाचीने माझ्याकडे असं बघितलं की मला कळेना माझं काय चुकलं. हात धरून मला परसात नेलं.

"मासळी गेली म्हणान? तुका काय म्हायतच नाय गो?"

मग तिने सांगितलं. महिनाभर आई रोज काय करत होत्या ते. विमानाच्या अर्धा तास आधी उठायच्या आणि ओरडत सुटायच्या, "झाका गो, झाका! इमान येतला!" स्वतःच्या माशांवर निळी जाळी, जाळीवर गोणपाटं, कडेला दगड. बाकीच्यांनी नाही झाकलं तर त्यांचेही झाकायच्या. मग काठी घेऊन, हाळी देत घारी उठवायच्या, विमान येऊन परत जाईपर्यंत, भर उन्हात. बायका शिव्या घालायच्या. बांगडा झाकला की घाम धरतो, खराब होतो. एकीशी तर हातघाईवर आलं होतं.

"आणि शनवारी?" मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं.

"शनवारी तिना माका विचारल्यान, फातिमा, आज इमान कितक्याक? मी म्हटलंय, दोन वाजता, नेहमीसारक्या. माका काय म्हायत येळ बदललेली? आमी वर पोचलंव तेवा इमान आदीच उतरान भितीआड हुबा होता."

मी परसातच बसले. माडाच्या आळ्याच्या कडेवर.

घारींना वेळ कळत नव्हती. आईंना कळत होती. मीच सांगत होते रोज, आणि मीच बंद केलं.

आत गेले. आईंच्या पायाशी बसले. त्या वळल्या नाहीत.

"आई, माका सांगलात नाय कित्याक?"

भिंतीकडूनच आवाज आला, फाटलेला. "तुका सांगलंय, की तुका ता वहीत लिवचा लागतला. लिवलंस की आमका हाकलतले. नाय लिवलंस की तुका. मगे म्हटलंय, आपणच झाकूया."

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"साठ माणसां होती गो आत," त्या म्हणाल्या. "माज्या बांगड्यांपायी. मी बगत होतंय. माका वाटला, आता समुद्रात पडतला. हातपाय हलाक नाय माजे."

आणि मी लिहिलंय वर, तमाशा बघतायत म्हणून. ते पान फाडावंसं वाटतंय. फाडणार नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही, बसले असते तर बोलता आलं नसतं. सगळं सांगितलं. मासे, सासू, जाळी, रकाना, छत्तीस घारी, वेळ.

सर ऐकत होते. मग उठून खिडकीपाशी गेले.

"उत्तरेला एका तळावर होतो मी," म्हणाले. "कॉर्पोरल. पक्ष्यांच्या ड्यूटीवर, तुझ्यासारखाच. भिंतीपलीकडे खाटकांची दुकानं होती, मागच्या बाजूला सगळा कचरा. घारीच घारी. वर कळवायचं तर फॉर्म भरा, साहेबांची सही आणा, मग गावच्या लोकांशी भांडण. मी कळवलं नाही. मोकळी म्हणालो. लढाऊ विमान होतं, एकच इंजिन. ते पडलं. चालवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा होता. लग्न ठरलं होतं त्याचं. त्यानंतर सगळ्या तळांवर मोहीम निघाली, दुकानं हलवली, कचरा झाकला. नियम बदलले. मला मात्र चौकशीत कोणी काही विचारलंच नाही."

सर खिडकीपासून वळले. 

"तुला विचारलंय," सर म्हणाले. "हे नशीब समज. माझ्यासारखं पस्तीस वर्षं सांभाळत बसू नकोस."

आजवर मला वाटायचं, सर गप्प राहतात ते शिस्तीमुळे.

दोन पानं लिहिली. लिहिताना अक्षर इतकं वाकडं आलं की पुन्हा लिहिली. खाली सही केली. सरांनी ती संचिता मॅडमना पाठवली. आता काही माझ्या हातात नाही. सिद्धेशला संध्याकाळी सांगितलं. तो बाहेर निघून गेला आणि जेवायला आला नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ओरोसला जिल्हाधिकारी कचेरीत बैठक होती. मला बोलावलं होतं. आईंना नाही. पण सकाळी बघते तर आई चापूनचोपून नऊवारी नेसून, पिशवी घेऊन बसथांब्यावर माझ्या आधी उभ्या.

"तुमका बोलवक नाय, आई."

"म्हणान काय झाला?"

बसमध्ये त्यांनी माझा हात धरला नाही, मीही नाही. पण मांडीवरच्या पिशवीची गाठ त्यांनी ओरोस येईपर्यंत चारदा सोडून बांधली.

मोठं टेबल, बारा-पंधरा माणसं. माझी दोन पानं कोणीतरी मोठ्याने वाचली. स्वतःची चूक दुसऱ्याच्या तोंडून शुद्ध मराठीत ऐकणं म्हणजे काय, ते आज कळलं.  कोणीतरी विचारलं, "म्हणजे तुम्ही जाणूनबुजून खोटी नोंद केलीत?"

"हो," मी म्हटलं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उभ्या राहिल्या होत्या. कचेरीतलं मराठी बोलायला लागल्या, एकेक शब्द चाचपडत. "साहेब, चूक माझी आहे. मासे माझे आहेत. हिला मी काय सांगितलेलं नाही."

"आई, बसा."

"तू गप रव."

संचिता मॅडम पहिल्यांदाच सरळ आमच्याकडे बघत होत्या. "आजी, विमानाच्या वेळेला मासे झाकायचे, हे तुम्हांला कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार साहेब?" आई म्हणाल्या, आणि मग ते मराठी त्यांच्या हातून सुटलंच. "वर माणसां असतत. माजो घोव, माजो झील, दोगव दर्यार जाणारे. माणूस घरात येयसर जीव खंय आसता, ता माका म्हायत आसा. तेंच्या घरातली पण तशीच वाट बगत असतली मा?"

सासऱ्यांची आणि सिद्धेशची समुद्रावरून परत यायची वाट त्यांनी जन्मभर पाहिली आहे. एक साहेब पाण्याचा ग्लास उगाच इकडून तिकडे सरकवत होते.

बाहेर आल्यावर आईंना व्हरांड्याच्या पायरीवरच बसवावं लागलं.  मी चहा आणला, त्यांनी बशीत ओतून अर्धा मला दिला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पत्रं आली. सड्यावर मासे सुकवायला बंदी. जुन्या जेटीजवळची जागा बायकांना दोन महिन्यांसाठी, पुढचं पुढे बघू. मला लेखी ताकीद. पुन्हा एक चूक आणि कंत्राट रद्द.

वाडीतल्या दोघींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. विहिरीवर मी गेले की कळशी उचलून जातात. त्यांचंही खरं आहे. जेटीजवळ वारा नाही, वाळूही उडते.

सिद्धेश दोन आठवडे माझ्याशी नीट बोलला नव्हता. आज बघते तर जेटीवर आईंसाठी बांबूंची मांडणी बांधत होता, मासे जमिनीपासून उंच ठेवायला. मी दोरी धरली. "घट धर," म्हणाला. एवढंच.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज पुन्हा कामावर. चौकशी चालू असेपर्यंत मला फेरीवर जायचं नव्हतं, तीन आठवड्यांनी पिवळं जाकीट घातलं.

सड्याच्या कातळावर कोणी नव्हतं. घारी दोन, फार उंच. सगळं चांगलं होतं. मी फेरी मारली. विमान दहा मिनिटांवर होतं. टॉवरने विचारलं आणि मी बटण दाबलंच नाही. चंदनदादा माझ्याकडे बघत होते. पुन्हा विचारलं.

तेवढ्यात पश्चिमेकडच्या गवतात काहीतरी हललं. कोल्हा असेल, नाहीतर वारा. मला काही दिसत नव्हतं. नुसतं गवत हललं होतं. खोटं ठरले तर? ताकीद हातात असलेली बाई रिकाम्या गवतासाठी विमान थांबवते, असं म्हणतील. एक विमान थांबवणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे.

"पश्चिम टोकाला गवतात हालचाल," मी म्हटलं. आवाज चिरका आला. "खात्री नाही. थांबवा."

वॉकीटॉकीवर क्षणभर नुसती खरखर. मग, "थांबवतो."

विमान समुद्रावर गेलं. आम्ही जीप गवतात घातली. मी दोन बार काढले. कोल्हीण होती, दोन पिल्लांसह. भिंतीखालच्या भगदाडातून बाहेर गेली. भगदाडात दगड टाकले, पुन्हा एक पूर्ण फेरी मारली. मग सांगितलं. विमान उतरलं तेव्हा सात मिनिटं उशीर झाला होता. हात थरथरत होते, तरी ते लपवले नाहीत. सरांनी नोंदवहीत वेळ बघितली आणि खाली सही केली.

घरी आले तेव्हा आई परसात कोयता धुवत होत्या.

"आज इमान थांबवलंय मी," मी म्हटलं. "सात मिन्टां. समुद्रार फिरत होता."

आईंनी कोयता बाजूला ठेवला. "आतल्या माणसांका कळला?"

"नाय."

"बरा झाला," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी पाट सरकवला.